अधिवासाचा दाखला न मागणारी वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेत आजवरची पुष्पे साहित्य आणि संगीत ह्या विषयांवर गुंफली गेली. त्या सुगंधानंतर ‘महाविद्यालयीन विद्यार्थी आणि हवाई दलातील अधिकारपद’ हा विषय काहीसा रुक्ष वाटेल, ह्याची आम्हांस कल्पना आहे. शिवाय आम्ही सैनिक नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आजवरचे आयुष्य फायलींच्या संगतीत काढले. तथापि सरकारी नियम आणि जाहिराती बारकाईने वाचण्याची एक खोड ह्या नोकरीने आम्हांस लावली. मंडळातील मुले-मुली पूर्वी कागदपत्रांच्या साक्षांकनासाठी आमच्या घरी येत. आता स्वतःची स्वाक्षरी चालते, तरी अर्जातील कोणत्या रकान्यात काय लिहावे हे विचारण्यासाठी ती येतातच. त्यांच्या प्रश्नांतून हा विषय आमच्या मनात आकारास आला.

आपणा बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांच्या एका जुन्या अडचणीपासून प्रारंभ करू. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांची पहिली इयत्ता एका राज्यात, पाचवी दुसऱ्यात आणि दहावी तिसऱ्यात झालेली असते. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची वेळ आली म्हणजे अधिवासाचा दाखला मागितला जातो. जेथे राहतो तेथे आपण पुरेशी वर्षे राहिलेलो नसतो, आणि जेथले म्हणवतो तेथे आपण केवळ सुट्टीत जातो. मुलाचा काडीचाही दोष नसताना त्याचे नाव यादीच्या तळाशी जाते. सैनिकी शिक्षणाच्या तयारीतही हा अनुभव येतो. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. मराठी मुलांनी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मोठ्या संख्येने जावे हा तिचा हेतू, आणि तो तिने निष्ठेने पुढे नेला. परंतु ती संस्था मुख्यतः महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे. हे रास्तही आहे. राज्याच्या पैशातून चाललेल्या संस्थेने राज्यातील मुलांना प्राधान्य द्यावे ह्यात वावगे काही नाही. आपल्या मुलांनी मात्र दुसरी वाट शोधावयास हवी.

अशी एक वाट आहे, आणि तिच्यावर अधिवासाचा दाखला कोणी विचारीत नाही. गुवाहाटी, जबलपूर, कोची किंवा आपले सिकंदराबाद, कोठेही तिचे नियम सारखेच. ती वाट म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग, आणि त्याच्या जोडीने पदवीधरांसाठी हवाई दलाने उघडी ठेवलेली प्रवेशद्वारे.

येथे प्रथमच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ पालकांस वाटते की, महाविद्यालयात छात्रसेनेचा गणवेश अंगावर चढला म्हणजे अधिकारपद निम्मे हाती आले. ही कल्पना बहुधा अमेरिकेवरून आली असावी. तेथे १९४६ सालापासून विद्यापीठांतूनच हवाई दलाचे राखीव अधिकारी प्रशिक्षण पथक चालते. पहिली दोन वर्षे सामान्य सैनिकी अभ्यासक्रम, मग उन्हाळ्यातील खडतर शिबिर, त्यातून निवडलेल्यांसाठी पुढील दोन वर्षे अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम, आणि पदवीसोबतच सेकंड लेफ्टनंटचे कमिशन, असा तो क्रम आहे. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. लॉर्ड ट्रेंचर्ड ह्यांच्या प्रेरणेने १९२५ साली केंब्रिज आणि ऑक्सफर्ड येथे विद्यापीठीय हवाई पथके निघाली. विद्यार्थ्यास उड्डाणाची गोडी लावावी, त्याची पारख करावी आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोपवावा, हे त्यांचे धोरण. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे लेनर्ड चेशायर हे ऑक्सफर्डच्या अशाच पथकात विमान चालवण्यास शिकले होते.

आपली व्यवस्था ह्या दुसऱ्या तऱ्हेच्या अधिक जवळची आहे. १९१७ साली विद्यापीठांतून सैनिकी पथकांना प्रारंभ झाला. १९२० साली त्यांस विद्यापीठ प्रशिक्षण पथक आणि १९४२ साली अधिकारी प्रशिक्षण पथक असे नाव मिळाले. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका पथकाने सुरू झाला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयांत सक्तीची करण्यात आली आणि १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांनी त्या सक्तीच्या काळात पहाटेच्या थंडीत बूट आपटले असतील. आज जो येतो तो आपल्या इच्छेने येतो, आणि म्हणूनच त्याच्या येण्याला मोल आहे.

ह्या हवाई विभागात शिकवतात तरी काय? आठवड्यातून ठरलेल्या वेळी कवायत, बंदुकीचा नेम, नकाशावाचन आणि समाजसेवा ही सर्व विभागांस समान अंगे. त्यांखेरीज विमान हवेत कसे तरते ह्याची मूलतत्त्वे, विमानाचा सांगाडा आणि इंजिन, दिशानिर्धारण, हवामानशास्त्र, विमानांची ओळख आणि विमानांच्या प्रतिकृती बनवणे हे खास विषय. जेथे धावपट्टी व साधने उपलब्ध आहेत तेथे मायक्रोलाइट ह्या लहानशा दोन आसनी विमानातून शिक्षकासोबत उड्डाणही घडते. प्रत्येक छात्राच्या वाट्याला ते येतेच असे नाही, हेही सांगून टाकलेले बरे. वार्षिक शिबिरे असतात. निवडक छात्रांना अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात, प्रजासत्ताक दिनाच्या दिल्लीतील शिबिरात किंवा हवाई दलाच्या प्रत्यक्ष तळावर काही दिवस राहण्याची संधी मिळते. दुसऱ्या वर्षानंतर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षानंतर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. पाऊणशे टक्के उपस्थिती आणि शिबिरे पूर्ण केल्यावाचून परीक्षेस बसता येत नाही. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा चोवीस श्रेयांकांचा ऐच्छिक विषय म्हणून पदवी अभ्यासक्रमात घ्यावा असे विद्यापीठांस सुचवले, तेव्हापासून ‘अभ्यास बुडतो’ ह्या जुन्या तक्रारीचा जोर बराच कमी झाला आहे.

आता ह्या प्रमाणपत्राचा व्यवहारातील उपयोग पाहू. हवाई विभागाच्या वरिष्ठ तुकडीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरास उड्डाण शाखेसाठी विशेष प्रवेश आहे. त्यासाठी दहा टक्के जागा ठेवलेल्या असतात आणि अशा उमेदवारास लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. तो थेट निवड मंडळासमोर जातो. ध्यानात घ्यावे की, हे प्रमाणपत्र हवाई विभागाचेच असावे लागते. छात्रसेनेतील बहुसंख्य पथके भूदल विभागाची आहेत, आणि हवाई विभाग थोड्याच महाविद्यालयांत आहे. तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी, ह्या महाविद्यालयात हवाई विभाग आहे काय, हा एक प्रश्न कार्यालयाच्या खिडकीवर जरूर विचारावा. तीन वर्षांनी विचारून उपयोग नाही.

ज्यांच्याजवळ हे प्रमाणपत्र नाही त्यांनाही दारे आहेत. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोन वेळा घेतो. पदवीधरांसाठी त्याच आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे. आणि २०११ सालापासून हवाई दल स्वतःची सामायिक प्रवेश परीक्षा वर्षातून दोन वेळा घेत आले आहे. तिच्यातून उड्डाण, तांत्रिक आणि इतर भूसेवा शाखांसाठी मुलगे व मुली दोघेही निवडले जातात.

एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. वैमानिक होण्यास पदवी कोणत्याही विषयाची चालते. आमच्यासारखा इतिहास वा मराठी घेऊन बी. ए. झालेला तरुणही विमान चालवू शकतो. परंतु त्याने बारावीस गणित आणि पदार्थविज्ञान हे विषय घेतलेले असले पाहिजेत. म्हणजे हे दार खरे पाहता पंधराव्या-सोळाव्या वर्षी, अकरावीचा अर्ज भरताना, उघडते किंवा मिटते, आणि त्या वेळी मुलास त्याची वार्ताही नसते. ‘गणित अवघड जाते, सोडून दे’ असे म्हणणाऱ्या पालकाने आपण आणखी काय काय सोडून देत आहोत ह्याचा क्षणभर विचार करावा. तसेच शरीराचे. उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. पायांची आणि बसलेल्या स्थितीतील उंचीची मापेही ठरलेली आहेत, कारण विमानाची बैठक कोणासाठी कमीजास्त करता येत नाही. रंग ओळखण्यात दोष असेल तर उड्डाण शाखा मिळत नाही. हा दोष पुष्कळदा मुलास स्वतःलाही ठाऊक नसतो. नववी-दहावीतच नेत्रतज्ज्ञाकडून एकदा तपासणी करून घेतली, तर चार वर्षांचे स्वप्न एका सकाळी मोडण्याचे दुःख टळते.

निवड मंडळाविषयी आपल्या समाजात एक गूढ भीती आहे. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळे आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमापन होते, आणि एक अंधुक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास आणि तिची चर्चा करावयास सांगतात. पुष्कळसे उमेदवार त्याच सायंकाळी घरी परततात. उरलेल्यांची पुढील दिवसांत तीन अंगांनी पारख होते. मानसशास्त्रज्ञ त्यांचे लेखन वाचून मन पाहतो, मुलाखत घेणारा अधिकारी वाणी पाहतो, आणि मैदानावरील अधिकारी त्यांची कृती पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा हे आपले जुने शब्द ह्या पद्धतीस किती अचूक लागू पडतात! ह्या तिघांचे निष्कर्ष जुळले तरच शिफारस होते. पंधरवड्याच्या शिकवणीत पाठ केलेली उत्तरे येथे टिकत नाहीत, कारण तोंड जे म्हणते ते हात करीत नाहीत, हे फळी आणि दोर घेऊन खंदक ओलांडताना लगेच उघडे पडते.

आणि येथेच छात्रसेनेतील तीन वर्षांचा खरा लाभ आहे असे आमचे मत आहे. शिबिरात तंबू ठोकताना, आपल्याहून बलवान मुलास काम सांगताना, आपल्याहून दुर्बल मुलाचे ओझे उचलताना, रात्रीच्या पहाऱ्यावर एकटे उभे राहताना मुलास स्वतःची ओळख होते. काहींच्या ध्यानात येते की, आपण ह्यासाठीच जन्मास आलो. काहींच्या ध्यानात येते की, हे आपले काम नव्हे. दुसरे उत्तर पहिल्याइतकेच मोलाचे आहे. ते विसाव्या वर्षी मिळाले तर आयुष्य सरळ होते. कमिशनची हमी देत नाही म्हणून ह्या अभ्यासक्रमास कोणी दुय्यम मानू नये. हमी देणारे शिक्षण जगात पुष्कळ आहे. पारख करणारे फार थोडे.

उड्डाण शाखेच्या उमेदवारास आणखी एक कसोटी असते. संगणकासमोर बसवून त्याचे हात, पाय, डोळे आणि मेंदू ह्यांचा मेळ तपासला जातो. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. तीत अनुत्तीर्ण झालेल्यास वैमानिक होण्याची दुसरी संधी नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलगी महाविद्यालयात हवाई विभागात होती. ‘सी’ प्रमाणपत्र घेऊन ती निवड मंडळाकडे निघाली, त्याच आठवड्यात एका संगणक कंपनीचे नेमणूकपत्र घरी आले. वडील म्हणाले, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस. आई काही बोलली नाही. तिने प्रवासासाठी दशम्या बांधून दिल्या. मुलगी गेली, आणि त्या एकदाच मिळणाऱ्या कसोटीत अनुत्तीर्ण होऊन परतली. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिने वडिलांस विचारले, ‘बाबा, विमान चालवता येत नाही असे त्यांनी सांगितले, विमानाला वाट दाखवता येणार नाही असे नाही ना सांगितले?’ पुढच्या खेपेस लेखी परीक्षा देऊन ती भूसेवा शाखेत निवडली गेली, आणि आज हवाई दलाच्या एका तळावर विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण करते. सगळ्यांच्या कथा अशा गोड होत नाहीत. पण परत आलेल्या मुलास घरात कशा नजरेने पाहिले जाते, ह्यावर त्याचे पुढचे पाऊल पुष्कळ अंशी अवलंबून असते, एवढे आम्ही तेथे पाहिले.

डॉ. अब्दुल कलाम ह्यांचे उदाहरण आपणांस ठाऊक असेल. विमानविद्येचे शिक्षण संपवून ते डेहराडूनच्या निवड मंडळासमोर गेले. पंचवीस उमेदवार, आठ जागा, आणि त्यांचा क्रमांक नववा. वैमानिक होण्याचे त्यांचे स्वप्न तेथे संपले आणि अग्निबाणांचे आयुष्य सुरू झाले. पुढे राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती, झाल्यावर ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. नवव्या क्रमांकावर राहिलेल्या मुलाच्या बापाने हे नाव स्मरणात ठेवावे.

निवड झालेले उमेदवार शेवटी जेथे येतात ते स्थान आपल्या ह्या शहराच्या वायव्येस, दुंडिगल येथे आहे. १९६७ साली राष्ट्रपती झाकीर हुसेन ह्यांनी हवाई दलाच्या ॲकॅडमीचा पाया घातला आणि १९७१ साली तेथे प्रशिक्षण सुरू झाले. खडकवासल्याचे छात्र आणि थेट निवडलेले पदवीधर येथे एकत्र येतात. उड्डाण शाखेतील प्रशिक्षणार्थी प्रथम पिलाटस विमानावर शिकतात. हे विमान २०१३ साली आले. त्याआधीचे आपल्याकडील दीपक विमान २००९ साली जमिनीवर उतरवावे लागले होते, आणि मधल्या काळात किरण ह्या जेट विमानावरच प्राथमिक धडे द्यावे लागले. पहिल्या टप्प्यानंतर लढाऊ विमान, वाहतुकीचे विमान आणि हेलिकॉप्टर अशा तीन वाटा फुटतात. हेलिकॉप्टरचे शिक्षण आपल्या शेजारच्या हकीमपेठेत होते, आणि लढाऊ वैमानिक पुढे बिदरला हॉक विमानावर तयार होतात. तांत्रिक शाखेचे अधिकारी बंगळूरच्या जालहळ्ळी येथील महाविद्यालयात शिकतात. ह्या शिक्षणास पालकास एक पैसा पडत नाही. उलट ॲकॅडमीतील प्रशिक्षणार्थीस दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. इंजिनिअरिंगच्या एका जागेसाठी घर गहाण टाकणाऱ्यांस हा आकडा मुद्दाम सांगावासा वाटतो.

मुलींच्या पालकांस दोन शब्द. १९९४ च्या डिसेंबरात हवाई दलात स्त्री-वैमानिकांची पहिली तुकडी आली. त्या वाहतुकीची विमाने आणि हेलिकॉप्टरे चालवीत. १८ जून २०१६ रोजी ह्याच दुंडिगलच्या मैदानावर अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह ह्या तिघी लढाऊ शाखेत दाखल झाल्या. त्यांपैकी अवनी चतुर्वेदी ह्यांनी राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठात शिकत असताना तेथील उड्डाण मंडळात विमानाचे पहिले धडे घेतले होते. महाविद्यालयातील एक संधी कोठवर नेते, ह्याचे हे प्रत्यंतर. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खडकवासल्याचे दारही मुलींस उघडले. २०२२ साली पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तेथून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. तेव्हा ‘हे मुलींचे काम नाही’ हे वाक्य आता केवळ आपल्या घरातच उरले आहे.

आता पालकांच्या मनातील भीतीविषयी. उड्डाणात धोका आहे. तो नाही असे सांगणारा आपली फसवणूक करील. युद्धात तर आहेच, शांततेच्या काळातही आहे. अल्पमुदतीच्या कमिशनवर गेलेला वैमानिक चौदा वर्षांनी सेवेतून बाहेर पडतो आणि पस्तिशी-चाळिशीत त्यास दुसरा मार्ग धरावा लागतो, हेही खरे. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. ह्या तिन्ही गोष्टी मुलाने डोळे उघडे ठेवून स्वीकारल्या पाहिजेत, आणि पालकांनीही. पण बदलीचे भय आपण दाखवावे काय? रेल्वेत, तारखात्यात, बँकांत, संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांत नोकरी धरून आपले वाडवडील ज्या गावी गेले तेथे भाषा परकी, भाजी परकी आणि पाणीसुद्धा परके होते. तेथे त्यांनी गणपती बसवला, वाचनालय काढले आणि हे मंडळ उभे केले. अशा घरातील मूल चार भाषा कानांनी शिकते, नव्या शाळेत पहिल्या दिवशी एकटे उभे राहण्यास शिकते, आणि आपल्याहून निराळ्या चालीरीतींच्या माणसांत जेवावयास बसते. निवड मंडळ ज्या गुणांचा शोध घेते त्यांपैकी कितीतरी गुण ह्या परदेशवजा जगण्याने आपल्या मुलांच्या अंगी आधीच बाणवले आहेत. दाखला नाही म्हणून ज्या जीवनाबद्दल आपण कुरकुर करतो, तेच जीवन येथे भांडवल ठरते.

हवाई दलाच्या सर्वोच्च पदापर्यंत मराठी माणसे पोहोचली आहेत. हृषिकेश मुळगावकर १९७६ साली, अनिल टिपणीस १९९८ साली, प्रदीप नाईक २००९ साली आणि मूळचे नांदेड जिल्ह्यातील विवेक राम चौधरी २०२१ साली हवाई दलप्रमुख झाले. आणि आपल्या ह्या शहराचाही एक पुत्र आहे. येथेच लहानाचे मोठे झालेले राकेश शर्मा १९६६ साली खडकवासल्यास गेले आणि एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये, अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हेही खडकवासल्याचेच. ही नावे आम्ही अभिमानासाठी घेत नाही. ह्यांपैकी प्रत्येकाच्या घरी कधीतरी एक अर्ज भरला गेला, आणि कोणीतरी वडीलधाऱ्याने त्यास ‘जा’ म्हटले, एवढेच आम्हांस सुचवायचे आहे.

अखेर मंडळास काही विनंत्या. सिकंदराबादेत निवृत्त होऊन स्थायिक झालेले सैनिकी अधिकारी पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकदोघांस वर्षातून एकदा बोलावून नववी ते बारावीच्या मुलांशी त्यांची गाठ घालून द्यावी. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. सतरंजी अंथरून प्रश्नोत्तरे व्हावीत. त्याच दिवशी नेत्रतपासणी ठेवावी. शहरातील कोणत्या महाविद्यालयांत हवाई विभाग आहे ह्याची यादी दर वर्षी मे महिन्यात, प्रवेशाच्या आधी, मंडळाच्या फलकावर लावावी. निवड मंडळाकडून परत आलेल्या मुलांनी आपला अनुभव इतरांस सांगावा. निवड झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीही. न झालेल्यांचा अनुभव कदाचित अधिक उपयोगी पडेल. ह्या कामास निधी लागत नाही. दोन कार्यकर्ते आणि एक रविवार पुरेसा आहे.

आणि पालकांस एक विनंती. आपल्या मुलाने हवाई दलात जावेच, असे आम्ही म्हणत नाही. ते ठरवणारे आपण नव्हे. मात्र मुलगा किंवा मुलगी छात्रसेनेचा अर्ज घेऊन सहीसाठी समोर आली, तर तो अर्ज ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून वर्तमानपत्राखाली सरकवू नये. पदवीची वर्षे तीनच असतात, आणि ‘सी’ प्रमाणपत्रास तिन्ही लागतात. पहिले वर्ष गेले म्हणजे ही वाट बंद झाली. सरकारी कचेरीत प्रलंबित फायलीचे काय होते हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. घरातील अर्ज तरी प्रलंबित राहू नयेत.